पोटावरची पिशवी

सोपान त्रिभुवनने आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं सूत रंगवण्यात घालवली. कोपरगावच्या बाहेर ओढ्याच्या कडेला पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथं सुताच्या आणि रेशमाच्या लड्या यायच्या, उकळत्या रंगात बुडायच्या आणि वाळल्या की येवल्याच्या विणकरांकडे जायच्या. डब्यातून काढताना रंगाची पूड भुरभुर उडायची, नाकातोंडात जायची. लड्या पिळायच्या त्याही उघड्या हातांनी. संध्याकाळी चूळ भरली तर पाणी कधी लाल, कधी जांभळं. ज्या दिवशी जो रंग शिजला असेल तो. शेडमधली माणसं त्यावरून एकमेकांची चेष्टा करायची, बिडी पेटवायची आणि घरी जायची.

म्हणून १९९२च्या श्रावणात एका सकाळी लघवी लाल झाली तेव्हा सोपानला फारसं नवल वाटलं नाही. त्या आठवड्यात शेडमध्ये लाल रंगाचंच काम चाललं होतं. दुखत नव्हतं, आग होत नव्हती. दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं झालं आणि तो ते विसरून गेला. बायको, चांगुणाबाई, असती तर तिच्या कानावर तरी घातलं असतं. पण तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा महेंद्र पुण्याजवळ भोसरीला कंपनीत होता. घरात सोपान एकटाच होता आणि आपल्या लघवीचा रंग सांगायला माणूस शेजाऱ्याकडे जात नाही.

दीड महिन्याने पुन्हा तेच. या वेळी रंग निळा चालला होता आणि लघवी मात्र लालच. तेव्हा तो गावातल्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळे लागलेत, पाणी प्या, आणि गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. गोळ्यांनी थांबलं असं त्याला वाटलं. खरं तर ते आपलं आपण थांबत होतं आणि आपलं आपण पुन्हा येत होतं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मुतखडा असेल असं ठरलं आणि कुणीतरी पानफुटीचा पाला खायला सांगितला. पाला खाल्ला, रक्त थांबलं. असे आठ महिने गेले. फाल्गुनात एका दुपारी रक्ताच्या गाठी अडकून लघवीच बंद झाली. सोपान शेडच्या जमिनीवर गडबडा लोळला. तेव्हा कुठं महेंद्रला निरोप गेला आणि तो बापाला घेऊन पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचला.

तिथं दुर्बीण घालून आत पाहिलं, मांसाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मोठ्या डॉक्टरांनी सोपानला समोर बसवून विचारलं, "काम काय करता?"

"सूत रंगवतो, सायेब."

"किती वर्षं?"

"अठ्ठाईस."

"बिडी?"

"दिसाला एक कट्टा. कधी दीड."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "हे बघा, रंगातलं आणि तंबाखूतलं विष रक्तात जातं. मूत्रपिंड ते गाळून बाहेर काढतं, पण काढून ठेवतं कुठं? लघवीच्या पिशवीत. तिथं ते तासन् तास साचून राहतं. रोज थोडं थोडं आतल्या अस्तराला लागत राहिलं, आणि तिथं गाठ धरली. कॅन्सर आहे. नुसती वरवर असती तर दुर्बिणीतून खरवडून काढली असती. पण ती पिशवीच्या मांसात घुसलीय. आता सगळी पिशवीच काढावी लागेल."

महेंद्र रडायला लागला. सोपानने एकच प्रश्न विचारला, "मंग लघवी कुटून करायची?"

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा काढायचा, मूत्रपिंडाच्या दोन्ही नळ्या त्याला जोडायच्या आणि त्या तुकड्याचं एक तोंड बेंबीच्या उजव्या बाजूला पोटावर बाहेर आणायचं. तिथून लघवी थेंब थेंब येत राहणार, दिवसभर, रात्रभर. तिच्यावर ताबा नाही. पोटाला एक प्लास्टिकची पिशवी चिकटवायची, तिच्यात ती जमणार.

"कवापरेंत?"

"कायमची," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन सात तास चाललं. शुद्धीवर आल्यावर चार दिवस सोपानने पोटाकडे पाहिलंच नाही. पट्टी बदलताना तो भिंतीकडे तोंड करायचा. वॉर्डातल्या मुक्ता सिस्टर, चाळिशीच्या, मोठ्या आवाजाच्या बाई, पाचव्या दिवशी म्हणाल्या, "बघा तरी आजोबा. परक्याचं नाहीये, तुमचंच आहे."

त्याने पाहिलं. ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलसर, रुपयाएवढं काहीतरी पोटावर उमललेलं होतं. बोट लावलं तर काहीच कळेना. मग सिस्टरनी त्याला सगळं शिकवलं: तोंडाच्या मापाचं भोक कापायचं, कातडी कोमट पाण्याने धुऊन अगदी कोरडी करायची, मगच पिशवी चिकटवायची, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, जड होऊन सुटेपर्यंत थांबायचं नाही. लघवीत पांढरट तार दिसली तर घाबरायचं नाही, ती आतड्याची. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, तर घरी थांबायचं नाही. "आणि पाणी," सिस्टर म्हणाल्या, "तहान लागो न लागो, पाणी प्यायचं."

बिडी त्याने त्या खाटेवरच सोडली. शेडमध्ये परत जायचा प्रश्नच नव्हता.

महेंद्रने बापाला भोसरीला नेलं. दोन खोल्या होत्या, संडास चाळीचा. सून सीमा चांगली होती, यात कधीच शंका नव्हती. पिशवी बऱ्याचदा झोपेत सुटायची आणि सकाळी वाकळ भिजलेली असायची. सीमा ती वाकळ काही न बोलता उचलायची, धुवायची, वाळत घालायची. तिने एकदा तरी कपाळाला आठी घातली असती तर सोपानला बरं वाटलं असतं. तिचं ते न बोलणंच त्याला जड व्हायला लागलं.

नात यशोधरा चार वर्षांची होती. एका दुपारी ती धावत येऊन मांडीवर चढायला लागली. पिशवी दबेल, फुटेल, म्हणून सोपानने तिला हाताने मागं लोटलं. जोरात नव्हतं लोटलं, पण पोरीचा चेहरा पडला. नंतर ती त्याच्या मांडीवर आली नाही. दारात उभी राहून बोलायची आणि पळून जायची. त्या आठवड्यात त्याने कोपरगावला जायचं काढलं.

"मामा, ऱ्हावा की इथंच," सीमा म्हणाली. "तिकडं कोन बघणार तुमाला?"

"माजं मला जमतं आता," तो म्हणाला.

कोपरगावात घराला कुलूप होतं ते उघडलं. भावकीतला छगन सोपानचा एकरभर तुकडा कसायचा आणि धान्य आणून टाकायचा, त्यामुळे पोटाची ददात नव्हती. दिवस मात्र पिशवीच्या हिशोबाने जायला लागला. पिशव्या सहज मिळत नसत. महेंद्र पुण्याहून पाठवायचा, म्हणून एकच पिशवी धुऊन धुऊन वापरायची. धुतलेली पिशवी तो मागच्या भिंतीला, शेजारच्यांना दिसणार नाही अशा जागी वाळत घालायचा. लग्नाची आमंत्रणं यायची, तो आहेर छगनच्या हाती पाठवायचा. पारावर बसणं सुटलं.

विहार तेवढा राहिला होता. वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना व्हायची आणि गेली वीस वर्षं त्रिशरण-पंचशील सांगायला पुढं सोपानच असायचा. त्याचा आवाज भरदार होता, माईक लागायचा नाही. १९९४च्या जयंतीला गर्दी झाली. मांडी घालून तो पुढं बसला, वंदना सुरू झाली आणि मधेच त्याला मांडीला ऊब जाणवली. पिशवी सुटली होती. सतरंजीवर डाग पसरला. शेजारच्या रंगुबाईने पाहिलं आणि पटकन पाण्याचा तांब्या त्याच जागी लवंडून दिला. "माझ्याच हातनं सांडलं गं बाई," ती मोठ्याने म्हणाली. बाकी कुणाला काही कळलं नाही. सोपानला मात्र सगळं कळलं. वंदना संपवून तो उठला, घरी गेला, आणि त्यानंतर दोन वर्षं विहाराची पायरी चढला नाही. लोक बोलवायला यायचे. "दम लागतो," तो सांगायचा. मग लोक यायचे थांबले.

त्याच उन्हाळ्यात त्याने आणखी एक चूक केली. पाणी कमी प्यालं तर लघवी कमी होईल, या विचाराने दिवसाला दोन पेल्यांवर आला. आठवड्यात हुडहुडी भरून ताप चढला, कुशीत कळा सुटल्या. छगनने पुण्याला नेलं. मुक्ता सिस्टर इतक्या रागावल्या की सगळा वॉर्ड बघत राहिला. सोपानला ते रागावणं गोड लागलं. कितीतरी महिन्यांत त्याच्यावर कुणी रागावलं नव्हतं.

१९९६च्या मार्चमध्ये तो तपासणीला गेला. सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो झाला, सगळं ठीक निघालं. निघताना मुक्ता सिस्टरनी त्याला बाजूला घेतलं. "तुमच्याकडचे एक गृहस्थ आहेत, राहात्याचे. नारायणराव धर्माधिकारी. तुमचाच आजार. पिशवी लावायची म्हटल्यावर न सांगता निघून गेले, तीन महिने झाले. त्यांना भेटाल?"

"मी काय सांगनार त्यास्नी?"

"काही सांगू नका. नुसते भेटा."

तो आठ दिवस टाळत राहिला. मग एका शनिवारी एस.टी.ने राहात्याला गेला. बाजारपेठेच्या मागं घर होतं. नारायणराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, उंच, पण अंगावरचे कपडे सैल झालेले. पलंगावर बसून होते. मुलं परदेशी नव्हती की भांडलेली नव्हती, आपापल्या नोकरीच्या गावी होती. घरात ते आणि त्यांच्या पत्नी विजयाबाई, दोघंच.

"दवाखान्यानं पाठवलं ना तुम्हाला?" नारायणरावांनी विचारलं.

"व्हय."

"समजूत घालायला?"

"न्हाई. नुसतं भेटून या म्हनल्या सिस्टर."

"मग झाली भेट."

विजयाबाईंनी पाण्याचा तांब्या आणि पेला आणून ठेवला. सोपानने एकापाठोपाठ एक पेले भरत सगळा तांब्या रिकामा केला. नारायणराव बघत राहिले. "पानी लई प्यावं लागतं मला," सोपान ओशाळून म्हणाला. "न्हाईतर ताप भरतो."

"कुठं आहे ती?" नारायणरावांनी एकदम विचारलं.

"ही काय." सोपानने सदऱ्यावरून हात लावून दाखवलं.

"वरून दिसत नाही."

"ढगळ घालतो सदरा."

मग नारायणराव म्हणाले, "मी रोज पूजेला बसतो. मुंज झाल्यापासून खाडा नाही. अंगाला लघवीची पिशवी बांधून मी देवासमोर बसू?"

सोपानच्या घरातले देव वडिलांनी छप्पन साली गोदावरीत सोडले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. देवाला काय चालतं आणि काय नाही, हे त्याने कसं सांगावं? त्याच्या तोंडून दुसरंच निघालं. "मी बी विहारात जात न्हाई. दोन वर्सं झाली."

"का?"

"वास येईल म्हनून."

"येतो का?"

"मला काय ठावं? एकटाच ऱ्हातो. इचारू कुनाला?"

नारायणराव पलंगावरून उठले. भिंतीचा आधार घेत सोपानच्या खुर्चीपाशी आले, वाकले आणि दप्तरातला जुना कागद हुंगावा तसं त्यांनी नाक त्याच्या पोटाजवळ नेलं. "मला तर काही येत नाही," ते म्हणाले. "विजया, इकडे ये. तुला येतो का गं?"

विजयाबाई पुढं आल्या. "साबणाचा येतो," त्या म्हणाल्या.

सोपान मान खाली घालून बसला. तीन वर्षांत डॉक्टर-सिस्टर सोडून इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं. त्याने सदरा वर केला आणि दाखवलं. मग विजयाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कातडी सोलते का? आंघोळ कशी करायची? धोतर वर बांधायचं की खाली? सोपानला प्रत्येक गोष्ट येत होती. बोलताना त्याचा आवाज मोठा झाला, जुन्या दिवसांसारखा.

"आणि मी ऑपरेशन केलंच नाही तर?" शेवटी नारायणरावांनी विचारलं.

"ते मला ठावं न्हाई. माजं केलं, मी हाय. येवढंच ठावं हाय."

पंधरा दिवसांनी नारायणराव पुण्याला भरती झाले. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा खाटेशेजारी सोपान होता.

मग शनिवार ठरून गेला. सकाळच्या गाडीने सोपान राहात्याला जायचा, दुपारच्या गाडीने परतायचा. दोघांना एकमेकांशी बोलायला तसं दुसरं काही नव्हतं. एक कचेरीतला, एक रंगाच्या कढईवरचा. एकाच्या देवघरात पंचवीस मूर्ती, दुसऱ्याच्या भिंतीवर दोन तसबिरी. बोलायचे ते पिशवीबद्दल: या आठवड्यात किती दिवस टिकली, कुठला साबण बरा, घामाने सुटते तेव्हा काय करायचं. नारायणराव खुर्चीवर बसून पूजा करायला लागले. "तुम्हीही जा विहारात," ते म्हणायचे. "जाईन," सोपान म्हणायचा. तो गेला नाही. ज्या ठिकाणी माणसाची लाज गेली तिथं परत जायला वासाचा प्रश्न सुटून भागत नाही.

दीड वर्ष असं गेलं. १९९७च्या दिवाळीनंतर नारायणरावांना खोकला लागला. छातीच्या फोटोत फुप्फुसावर ठिपके आले. ऑपरेशनआधीचे ते तीन महिने वाया गेले नसते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. विजयाबाईंनी ते एकदाच विचारलं, पुन्हा नाही. शेवटच्या शनिवारी नारायणरावांना उठून बसवेना, म्हणून त्यांची पिशवी सोपानने बदलली. नारायणरावांचं पोट खपाटीला गेलं होतं, पिशवी नीट चिकटत नव्हती. सोपानने आपला तळवा तिच्यावर दाबून धरला, उबेने चिकटावी म्हणून. बराच वेळ धरला. नारायणराव डोळे मिटून होते. "जमतंय तुम्हाला," ते म्हणाले. पौष महिन्यात ते गेले.

महिन्याभराने सोपान एकदा राहात्याला गेला. विजयाबाईंनी चहा केला. दोघं समोरासमोर बसले आणि दोघांनाही कळलं की आपल्याला एकमेकांशी काही बोलायचं नाही. जे बोलणं होतं ते पलंगावरच्या माणसाबरोबर गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे आधी विजयाबाईंनी पाहिलं, मग त्याने. निघताना त्यांनी आतून पुठ्ठ्याचं खोकं आणलं. न वापरलेल्या पिशव्या होत्या. "तुम्हाला चालतील ना?" त्यांनी विचारलं. तो "व्हय" म्हणाला. गाडीत त्याने ते खोकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं, आणि घरी पोचल्यावर पुष्कळ दिवस उघडलं नाही.

मार्चमध्ये त्याची तपासणी होती. ऑपरेशनला पाच वर्षं पुरी झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी सगळे फोटो उजेडासमोर धरून पाहिले. "कुठं काही नाही," ते म्हणाले. "वर्षातून एकदा येत राहा, पण पाच वर्षं निघाली की निम्मी लढाई जिंकली म्हणायची." मुक्ता सिस्टर दुसऱ्या वॉर्डात बदलून गेल्या होत्या.

सोपान दवाखान्याच्या बाहेर येऊन फाटकापाशी उभा राहिला. पुढ्यातून रिक्षा जात होत्या, फळवाल्याच्या गाडीवर पपया कापून ठेवल्या होत्या. एवढी मोठी गोष्ट झाली होती आणि ती सांगायला माणूस नव्हता. शनिवारी ज्याला सांगता आली असती असा एकच माणूस होता, आणि तो गेला होता. छगनला सांगितलं असतं तर तो "बरं झालं" म्हणून बैलाला पाणी दाखवायला गेला असता. सोपान फाटकापाशीच थोडा वेळ घुटमळला. मग समोरच्या पीसीओत गेला आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावायला सांगितला. महेंद्रच्या चाळीत खालच्या दुकानात फोन होता. दुकानदाराने सीमाला हाक मारली. ती धावत आली असावी, तिला धाप लागली होती.

"मामा? काय झालं मामा?"

"काय न्हाई. रिपोर्ट चांगला आला म्हनून सांगत हुतो."

मग सीमा म्हणाली, "कुटं हायेत तुमी?"

"पुन्यातच हाय. आता गाडी धरतो."

"कोपरगावची नका धरू," सीमा म्हणाली. "इकडं या. यशोधराला तिसरीत पैला नंबर आलाय चाचणीत, ती कवाची म्हनतीया आजोबांना सांगायचं."

सोपानने पोटावर हात ठेवून पिशवी चाचपली. अर्धी भरली होती, आधी रिकामी करावी लागणार होती. थैलीत धुतलेली एक पिशवी जादा होती. "येतो," तो म्हणाला.

तो तीन दिवस राहिला. वाकळ एकदाच भिजली. ती त्याने स्वतः धुतली आणि चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांना दिसेल अशी वाळत घातली. नात आता मांडीवर बसायच्या वयाची राहिली नव्हती. शेजारी बसून तिने वही दाखवली. चौथ्या दिवशी तो कोपरगावला परतला, कुलूप उघडलं, मडक्यात पाणी भरलं. पुढं तो वर्षातून तीनचार वेळा भोसरीला जात राहिला, आणि पुण्याहून निरोप आला की एखाद्या नव्या पेशंटच्या घरीही जायचा, कधी तिसगावपर्यंत. बाकी दिवस तो आणि त्याचं घर.